रांगेतली आक्काची जागा

रांग शाळेच्या फाटकातून बाहेर पडली होती, भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेली होती, आणि कोपऱ्यावरच्या टायरवाल्याच्या दुकानापाशी तिला दुसरी एक रांग येऊन मिळाल्यासारखी दिसत होती. ती दुसरी रांग नव्हतीच. तीच रांग ऊन चुकवायला वळली होती. हे वहिनीच्या लक्षात यायला दुपारचा बराच वेळ गेला.

मागच्या निवडणुकीला या भागात तीन मतदान केंद्रं होती. या वेळी तिन्ही मिळून एक केलं, आणि त्यानं सगळ्यांची सोय झाली असं पत्रकही वाटलं. आत यंत्रं दोन. त्यातलं एक जेवणाच्या सुमाराला रुसलं ते रुसलंच. उरलेल्या एकावर अख्खा भाग मत देत होता, आणि सहाच्या ठोक्याला फाटक बंद व्हायचं होतं.

"सरकली का?" आक्कानं विचारलं.

"सरकली थोडी."

"म्हणजे नाही सरकली." आक्का घडीच्या स्टुलावर बसली होती. रांग सरकली की वहिनीनं तिला हाताला धरून उठवायचं, धाकट्या दिरानं स्टूल उचलून दोन पावलं पुढे ठेवायचं, की आक्का पुन्हा बसायची. बसताना तिच्या छातीतून जुन्या इस्त्रीच्या वाफेसारखा आवाज यायचा.

वहिनी म्हणजे लाँड्रीवाल्या दादांची बायको. लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर तिला वहिनी म्हणाला, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग सगळी गल्ली, आणि शेवटी एक दिवस दादांनीच "वहिनी, जरा स्टार्च भिजव" म्हणून हाक मारली. तेव्हापासून तिनं स्वतःच्या नावाचा नाद सोडला होता. कोण कुणासाठी काय करतं, आणि कशाच्या आशेनं करतं, हे मनात टिपून ठेवायची तिला सवय होती. आज तिला धाकट्या दिराची नोंद कोणत्या बाजूला घ्यावी ते कळत नव्हतं.

हा दीर विमा विकायचा, पण घरात त्याला सगळे वकील म्हणत. एखादी गोष्ट पटली तरी तो आधी भांडायचा आणि मग पटवून घ्यायचा. लग्नानंतर तो पलीकडच्या भागात फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. त्याचं मत तिकडे होतं, आणि ते सकाळीच देऊन, गाडी घेऊन तो इथे हजर झाला होता. आक्काच्या काळजीनं, असं त्याचं म्हणणं.

"आक्का, चल आता," तो पुन्हा म्हणाला. "गाडी समोर उभी आहे. तुझी छाती काय बोलतेय ऐक जरा. एका मतानं काय होतंय?"

"मागच्या वेळी बरोबरी झाली होती," आक्का म्हणाली. "चिठ्ठी टाकून निकाल लावला."

"दर वेळी बरोबरी होते का?"

"मग दर वेळी कशाला, याच वेळी थांबते."

वकील वहिनीकडे वळला. "तुम्ही सांगा हिला, वहिनी. तुमचं ऐकेल."

वहिनीनं हातातला पेला सावरला. त्याला आक्काच्या छातीची काळजी होती हे खरं, पण तेवढीच नव्हती हेही खरं. उमेदवार दोन होते, आणि त्यांना नावानं कुणीच ओळखत नव्हतं. एक रस्तावाला, एक गल्लीवाला. रस्तावाला निवडून आला तर गल्लीतून मोठा रस्ता जाणार, लाँड्री पडणार, वरचं राहतं घर पडणार, आणि भरपाईत वकिलाचा वाटा निघणार. गल्लीवाला आला तर सगळं आहे तसं राहणार. दादा गल्लीवाल्याच्या टेबलावर सकाळपासून बसले होते. केंद्र उघडताच पहिल्या लोकांत मत देऊन आले, ते थेट तिथे; वहिनीचं मत मात्र आक्काबरोबर व्हायचं होतं. आक्का म्हणजे दादांची सख्खी मोठी बहीण, लाँड्रीच्या काउंटरवर जिचा जन्म गेला ती. तिचं मत गल्लीलाच, असं दादा गृहीत धरून होते आणि वकीलही. म्हणून एक तिच्यासाठी सरबत पाठवत होता आणि दुसरा तिला घरी चल म्हणत होता.

सरबताचा पेला वहिनीच्या हातात तसाच होता. आक्कानं तोंडही लावलं नव्हतं.

"घ्या ना घोटभर."

"नको."

"ओठ सुकलेत तुमचे. आल्यापासून पाणीपण घेतलं नाहीत."

आक्कानं तिला खुणेनं खाली वाकायला लावलं. "इथलं बाथरूम बंद आहे," ती कानात म्हणाली. "मघाशी ती पुढची बाई जाऊन आली. कुलूप आहे म्हणाली. मग पाणी पिऊन काय करू?"

"आत्ता जायचंय का तुम्हाला?"

आक्कानं पाय जवळ ओढून घेतले, म्हणजे जायचं होतं, आणि बऱ्याच वेळापासून.

वहिनीनं रांगेकडे पाहिलं. एवढ्यात ती फाटकाच्या आत सरकली होती, समोर मैदान, पलीकडे शाळेच्या पायऱ्या. पुढे अजून बरीच डोकी. दुकान मागच्याच गल्लीत, पण आक्काच्या चालीनं ते मागचं राहत नव्हतं.

"भावोजी, तुम्ही आक्कांच्या जागेवर उभे राहता का? आम्ही दुकानात जाऊन आलो."

वकिलानं गाडीकडे पाहिलं, मग आक्काकडे. "गाडीनं नेतो की."

"गाडीनं नेलंत तर परत आणाल याची खात्री कोण देणार?" आक्का म्हणाली. "तू उभा राहा."

तो हसला, आणि स्टुलावर बसला. बहिणीनं चोरी पकडली की तो नेहमी असाच हसायचा.

फाटकावरच्या शिपायाला वहिनीनं सांगितलं, "बाथरूमला जाऊन येतो. जागा राहील ना?"

"जा ओ, ताई," शिपाई दात कोरत म्हणाला. "जागा कुठे पळून जातेय."

*

लाँड्री आज बंद होती, आणि हेच या दिवसातलं सगळ्यात नवलाचं होतं. मतदानाच्या दिवशी लोकांना सुट्टी असते, आणि लोकांना सुट्टी म्हणजे लाँड्रीला गर्दी, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. या वेळी आक्कानं जेवताना सांगितलं होतं, त्या दिवशी दुकान उघडायचं नाही. दादांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. गल्लीसाठी एक दिवस, असं ते चार लोकांत सांगतसुद्धा होते.

आत कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांतून टांगलेले होते, आणि इस्त्रीचं मोठं टेबल गार पडलं होतं. आक्का मागच्या बाथरूममधून आली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. काउंटरच्या आतल्या बाजूला खुर्ची कधी नव्हतीच. उभ्यानं पावती करायची, उभ्यानं कपडे काढून द्यायचे.

"इथून किती वेगळं दिसतं गं," ती म्हणाली.

"पाणी घ्या आता. पोटभर घ्या."

आक्का पाणी प्यायली. मग काउंटरकडे बघतच म्हणाली, "यंत्रावर बटण जोरात दाबायचं असतं का?"

"नाही, साधं. मागच्यासारखंच."

"मला काय माहीत मागच्यासारखं म्हणजे कसं?"

वहिनीच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं. "म्हणजे?"

"मी कुठे गेलेय कधी."

वहिनीनं आठवून पाहिलं. मतदानाच्या दिवशी आधी दादा जाऊन येत, मग वहिनी, वकील इथे राहत होता तेव्हा तोही. सगळे परत आले की संध्याकाळ झालेली असायची, आणि आक्का काउंटरमागे असायची. आक्का कधी गेली? जेवायच्या वेळेला गेली असेल असं वहिनीला वाटायचं. दादांनाही तसंच वाटत असावं. घरात सगळ्यांना वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी तिला तेवढा वेळ सोडवलं असेल.

"तुम्ही म्हणालात का नाही कधी?"

"गिऱ्हाईक असायचं." आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "आता तुला एक सांगते. दादाला सांगू नकोस, तो सकाळपासून माझं मत खिशात घालून फिरतोय. मी रस्त्याला देणार आहे."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. वहिनीला तो आवाज फार मोठा वाटला.

"आक्का, रस्ता आला तर हे सगळं पडेल."

"पडू दे."

"आपलं घर वर आहे."

"तेच तर. या जिन्यानं माझे गुडघे खाल्ले. मला तळमजल्यावर एक खोली पाहिजे, खिडकी असलेली, आणि बाथरूम जवळ. तुम्ही दोघं अजून हातीपायी धड आहात, कुठेही दुकान टाकाल. आणि हे बंद झालं ना, तर मला बघायचंय मला दुसरं काय करता येतं." ती थोडं हसली, आणि हसण्यानं तिला धाप लागली. "श्वास घेते जरा. मग जाऊ."

तिनं भिंतीला डोकं टेकलं. वहिनी काउंटरला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आक्काचा श्वास संथ झाला आहे. डोळा लागला होता.

भिंतीवर घड्याळ होतं. आत्ता उठवलं तर आरामात पोचता येईल, असं ते स्पष्ट दाखवत होतं.

वहिनी उभीच राहिली. म्हातारं माणूस आहे, दमलंय, झोपू दे जरा, असं कुणीही म्हणालं असतं. डॉक्टर म्हणाले असते. दादा तर नक्की म्हणाले असते, त्यांना खरं माहीत असतं तर. तिला काही करायचंच नव्हतं. न करता उभं राहायचं होतं, एवढंच. वर तिच्या हातानं रंगवलेल्या दोन खोल्या होत्या. दादांना इस्त्रीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी मागितल्याचं चित्र तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. मोठा काटा सरकत होता. आक्काचं तोंड किंचित उघडं होतं. काउंटरच्या लाकडाला, आक्का रोज जिथे उभी राहायची तिथे, कोपर टेकून टेकून खळगा पडला होता, आणि वहिनीचं कोपर आत्ता त्याच खळग्यात होतं.

तिनं हात झटकन काढून घेतला.

"आक्का. आक्का, उठा. उशीर झाला."

*

फाटकापाशी पोचल्या तेव्हा शिपाई कडी घालत होता.

"अहो थांबा, आम्ही रांगेतल्याच आहोत."

"रांगेतले आत आहेत," शिपाई म्हणाला, आणि कडी बसली.

आत मैदानावर एक कारकून रांगेच्या शेपटाकडून सुरुवात करून एकेकाला सही केलेली चिठ्ठी देत पुढे चालला होता. फाटक बंद होताना जो रांगेत आहे त्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठी असेल त्यालाच मत. शेपटाकडून अशासाठी की मागून कुणी घुसू नये. वकिलाच्या हातात चिठ्ठी होती. त्यानं दोघींना पाहिलं आणि रांग सोडून तो फाटकाकडे धावतच आला.

"कुठे होतात इतका वेळ?" त्यानं गजांतून हात बाहेर काढला. "धर आक्का, तुझी चिठ्ठी. घेऊन ठेवलीय मी. शिपाई, दार उघडा, यांची चिठ्ठी आहे."

"साहेब, चिठ्ठी तुम्हाला दिली ना?"

"जागा हिची, म्हणून चिठ्ठी हिची. मी नुसता उभा होतो."

लाँड्रीत टोकन आणेल त्याला कपडे मिळतात. सदरा कुणाचा, पाटलोण कुणाची, कुणी विचारत नाही. नोकर येवो, शेजारी येवो, टोकन दाखवलं की गठ्ठा समोर. या कायद्यावर हे घर वाढलं होतं. वकिलानं इतकी वर्षं विमा विकला, लोकांना बारीक अक्षरातल्या अटी वाचून दाखवल्या, पण आयत्या वेळी त्याच्या तोंडून लाँड्रीच बोलली. आणि ती पडली नेमकी कारकुनाच्या कानावर.

कारकुनानं आत हाक मारली. केंद्रप्रमुख बाई पायऱ्या उतरून आल्या. चष्मा डोक्यावर, आवाज दिवसभर बोलून बसलेला.

"तुमचं नाव या केंद्रात आहे?"

"नाही, माझं पलीकडे आहे. मी सकाळीच..."

"मत पलीकडे देऊन आलात, इथे रांगेत उभे राहिलात, आणि आमची चिठ्ठी घेतलीत?"

एवढं ऐकल्यावर ते कसं दिसतं हे वकिलाच्या ध्यानात आलं. केंद्रप्रमुख बाईंनी त्याच्या बोटांतून चिठ्ठी काढून घेतली आणि फाडली. आक्कानं गज धरला. वहिनीला तिच्या छातीचा आवाज आता कानाशी ऐकू येत होता.

तेवढ्यात दादा आले. टेबल आवरून निघाले होते, घोळका बघून वळले. "कुणी अडवलंय हिला? सकाळपासून उन्हात बसलीय माझी बहीण."

"दुपारपासून," शिपाई म्हणाला.

"दुपारपासून तर दुपारपासून. तुम्ही बसून दाखवा."

"मॅडम, कायद्याचा हेतू बघा," आतून वकील सुरू झाला. "रांगेतली जागा म्हणजे काय? ती व्यक्तीची की..."

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच झालंय हे," दादा गजांबाहेरून म्हणाले.

"माझ्यामुळे? तुझ्या बायकोला विचार, कुठे होत्या या."

गेले कित्येक महिने हे दोन भाऊ एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हते. आता फाटकाच्या दोन बाजूंनी दोघंही एकाच गोष्टीसाठी भांडत होते. दादा भांडत होते ते आक्काचं मत आपलं आहे म्हणून. वकील भांडत होता ते वादात हरणं त्याला जमत नाही म्हणून. त्या भरात ते मत कुणाला पडणार, हेही तो विसरला होता. खरं काय ते वहिनीला माहीत होतं. नवऱ्याच्या कानात तिनं एक वाक्य सांगितलं असतं, तर दादांनी बहिणीचा हात धरून म्हटलं असतं, जाऊ दे आक्का, नियम म्हणजे नियम.

"तुम्ही दोघं थांबाल तर मला काही ऐकू येईल," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या. "आजी, मला वाईट वाटतं. पण फाटक बंद झालं तेव्हा तुम्ही आत नव्हतात."

त्या वळल्या. आक्कानं गजावरचा हात काढला, पदर सारखा केला. दुकानात शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ती असाच पदर सारखा करायची.

"बाई," वहिनी म्हणाली, "आम्ही बाहेर गेलो ते बाथरूमला. इथल्याला कुलूप आहे."

केंद्रप्रमुख बाई थांबल्या. "कुलूप?" त्यांनी शिपायाकडे पाहिलं.

"किल्ली मुख्याध्यापकांकडे असते."

"मला सकाळी सांगायचं नाही?"

"तुमचं वरचं उघडं होतं ना, मॅडम."

रांगेतून एका बाईचा आवाज आला, "मी तर सकाळपासून पाण्याला शिवले नाही." दुसरी म्हणाली, "माझी जाऊ निघून गेली घरी, तिला कळ काढवेना." मग एकदम तीन-चार जणी बोलू लागल्या. पुरुष पायांकडे बघू लागले. ते दिवसभर शाळेच्या मागच्या भिंतीकडे जाऊन येत होते.

"या जाताना तुम्हाला सांगून गेल्या होत्या?" केंद्रप्रमुख बाईंनी शिपायाला विचारलं.

शिपायानं तोंडातली काडी काढली. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. हो म्हणणं त्याच्या काहीच फायद्याचं नव्हतं.

"सांगून गेल्या."

"तुम्ही काय म्हणालात?"

"जा म्हणालो." तो जरा घुटमळला. "जागा कुठे पळून जातेय, असंपण म्हणालो."

रांगेत कुणीतरी हसलं. केंद्रप्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वहिनीकडे पाहिलं. "बाथरूमला इतका वेळ?"

"त्यांना डोळा लागला," वहिनी म्हणाली. "मी लगेच उठवायला हवं होतं. उठवलं नाही. उशीर माझ्यामुळे झाला, त्यांच्यामुळे नाही."

आक्कानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. गिऱ्हाईक काय लपवतंय हे कापड उलगडायच्या आधी ओळखणारी ती नजर होती. वहिनीनं खाली पाहिलं.

कडेवर पोर घेतलेली एक बाई रांगेतून म्हणाली, "माझ्या पुढेच होत्या आजी. स्टूल अजून इथेच आहे."

केंद्रप्रमुख बाईंनी कारकुनाकडून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला. "सांगून गेल्या, बाथरूमसाठी गेल्या, ओळखणारे आहेत. मी यांना रांगेतच धरते. उद्या कुणी विचारलं तर मी उत्तर देईन." त्यांनी सही केली, चिठ्ठी आक्काच्या हातात स्वतः दिली. मग पेन तसंच धरून वहिनीला विचारलं, "आणि तुम्ही? तुमचं नाव इथेच आहे ना? तुम्हीपण त्यासाठीच गेला होतात?"

प्रश्न असा विचारला होता की उत्तर त्यातच ठेवलेलं होतं, फक्त उचलायचं. दादा मागून हळूच म्हणाले, "हो म्हण."

हो म्हटलं तर सगळं सोपं होतं. आक्काचं मत रस्त्याला, आपलं गल्लीला, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील आणि घराचं भलं-बुरं बाकीचे ठरवतील. वहिनीला दुकानातलं घड्याळ आठवलं, त्याचा सरकणारा काटा. तेवढा वेळ तिनं आक्काचं मत आपल्या मुठीत धरलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नुसती सोबत गेले होते."

केंद्रप्रमुख बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सोबतीसाठी मला काही करता येत नाही. पायऱ्या चढायला मात्र यांच्याबरोबर दारापर्यंत या."

शिपायानं फाटक एक माणूस जाईल एवढंच उघडलं. वकिलाला त्यातून बाहेर काढलं, या दोघींना आत घेतलं. आत जाताना दादांनी बायकोचा दंड धरला. त्यांचा चेहरा चिडलेला होता, पण मनात त्यांची गोळाबेरीज झाली होती. "वेडी आहेस. पण जाऊ दे. तुझं गेलं, आक्काचं आलं. आपलं काही कमी झालं नाही."

वहिनीनं मान हलवली. एक गेलं होतं आणि एक उलटं पडणार होतं. मागच्या वेळी बरोबरी झाली होती.

*

चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारावर शाळेचे मोडके बाक रचून ठेवले होते, म्हणून पायऱ्याच चढायच्या होत्या. आक्का एका पायरीवर दोन्ही पाय टेकायची, थांबायची, मग पुढची. मागची माणसं न बोलता थांबत होती. दिवे लागले होते. दारापाशी वहिनीला थांबवलं आणि आक्का एकटी आत गेली.

दारातून खोली दिसत होती. वर्गाचीच खोली, फळ्यावर कुणाची तरी अर्धी पुसलेली बेरीज. यादीवर बोट फिरवणारा माणूस, सही घेणारी मुलगी, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. आक्का आडोशामागे गेली आणि तिची फक्त पावलं दिसत राहिली. पावलं बराच वेळ हलली नाहीत. सही घेणारी मुलगी मान लांब करून पाहू लागली. वहिनीला वाटलं, चक्कर आली. मग वाटलं, बटण सापडत नसेल. मग एक तिसरीच गोष्ट वाटून गेली: आक्काचं मन बदललं असेल. तिनं तो विचार जिथल्या तिथे दाबला, तरी तो पुरता दबला नाही.

यंत्र वाजलं. लांबलचक, लाज वाटावी असा आवाज.

आक्का बाहेर आली. बोटावर शाई होती, ती ओली असताना पदराला लागू नये म्हणून तिनं हात अंगापासून लांब धरला होता. खाली फाटकाबाहेर दादा आणि वकील एकाच दिव्याखाली उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. दादा वर बघून हात हलवत होते.

"झालं?" वहिनीनं विचारलं.

"झालं. साधंच होतं." दोघी उतरू लागल्या. दुसऱ्या पायरीवर आक्का थांबली, धाप लागली म्हणून असेल. "तुझं गं?"

"देईन पुढच्या वेळी."

आक्कानं तिच्या खांद्यावर भार टाकला आणि पाय खालच्या पायरीवर ठेवला.

"मीपण असंच म्हणायचे," ती म्हणाली.